बोका हरवलाय आणि नवरा सावरत नाहीये. मदत हवी आहे

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमचा बोका पळाला. नाव गुंड्या, केशरी-पांढरा, नसबंदी झालेला, कायम घरातच वाढलेला. शेजारचे फराळाचं ताट घेऊन आले, नवऱ्याने दार उघडलं आणि नेमकी तेव्हाच खाली कुणीतरी लड लावली. पायांतून सुटला तो जिन्यात, पुढे कुठे ते कुणालाच दिसलं नाही. आता तुळशीचं लग्नही उरकलं.

व्हॉट्सॲपवर फोटो टाकून, वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालंय. त्यामुळे हा धागा बोक्यासाठी नाही, नवऱ्यासाठी आहे.

माणूस मुळात अबोल. ऑफिसला जातो, जेवतो, लेकीचा अभ्यास घेतो. रात्री सगळं सामसूम झालं की सुकटीचा स्टीलचा डबा घेऊन पार्किंगमध्ये उतरतो. गाड्यांखाली टॉर्च मारत डबा खुळखुळवत फिरतो, कारण त्या आवाजाला गुंड्या गाढ झोपेतूनही उठून यायचा. वर येतो, हात धुतो, झोपतो. गुंड्याचा वाळूचा ट्रे मी उचलायला गेले तर "राहू दे" एवढंच. "दार उघडलंस त्यात तुझी काय चूक?" म्हटलं की उठून गॅलरीत जातो.

सासूबाई म्हणतात, "मांजरच ना? दुसरं आणा." मैत्रिणीकडे पिल्लं आहेत, लेक हट्टाला पेटलीय. मला मात्र ते पटत नाही.

मेला असता तर रडून मोकळे झालो असतो. आता रडायचं म्हणजे तो गेला असं आपणच ठरवून टाकायचं! माझी आशा संपलीय खरं तर. हे त्याला सांगू का? की त्याच्यासाठी गप्प बसू?

प्रतिसाद १

ताई, शोध थांबव असं एवढ्यात म्हणू नका. घरात वाढलेलं मांजर बाहेर पडलं की बहुतेकदा जवळपासच अडगळीत दडून बसतं आणि भेदरलेलं असलं तर ओळखीच्या हाकेलाही ओ देत नाही. रात्री टॉर्चमध्ये डोळे चमकतात, म्हणजे नवरोबा करताहेत ते रीतसरच आहे. जिन्याखालची जागा, मीटरची खोली, बंद गाळे बघितलेत का? महिन्या-दोन महिन्यांनी सापडलेली मांजरंही असतात. पण "येईलच बघ" असं वचन देऊ नका, ते अंगाशी येतं.

तुमची आशा संपलीय हे त्यांनी विचारलं तरच सांगा. नाहीतर एखाद्या रात्री नुसत्या सोबत खाली जा, टॉर्च तुम्ही धरा. दार उघडल्याचा विषय तिथे तेच काढतील, नाही काढला तरी चालेल.

प्रतिसाद २

पिल्लू अजिबात नको, निदान ते स्वतः म्हणेपर्यंत. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांवर काम केलं होतं. माणूस आहे की गेला हेच कळत नसेल तर घरचे दुःखातच अडकून पडतात, आणि तो त्यांचा कमकुवतपणा नसतो, परिस्थितीच तशी असते, असं त्यांचं म्हणणं. बोक्याच्या बाबतीत वेगळं काय असणार? ट्रे राहू दे तिथेच, जागा खात नाही.

धागाकर्ती

दोघांचे आभार. मीटरची खोली राहिलीय, किल्ली सेक्रेटरींकडे असते, आज मागते. ट्रे राहील. पण लेक रोज विचारते, "गुंड्या मेला का?" आणि हा तिथेच बसलेला असतो. तिला काय सांगायचं ते कुणीतरी सांगा.