पिकअपचं ब्रेक पेडल पहिल्या दाबाला खाली, दुसऱ्या दाबाला वर

प्रश्न:
डिझेल पिकअप, पुढे डिस्क, मागे ड्रम. पहिल्यांदा दाबलं की पेडल अर्ध्याहून खाली जातं, लगेच परत दाबलं की वर येऊन नीट लागतं. पुढचे पॅड नवे आहेत, ब्रेक ऑइलची पातळी तेवढीच आहे, गळती दिसत नाही. मेकॅनिक मास्टर सिलेंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा मुख्य सिलेंडर) बदला म्हणतोय. त्याआधी काय तपासू?

प्रतिसाद १:
एवढ्यात मास्टर सिलेंडर घेऊ नका. तो आतून गेला असेल तर इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरल्यावर ते हळूहळू तळाशी बसत जातं. आतला रबर कप ऑइल अडवत नाही, ते परत टाकीत येतं, म्हणून पातळीही कमी होत नाही. दुसऱ्या दाबाला वर आलेलं पेडल अर्धा मिनिट तसंच धरा. जागचं हललं नाही तर मागच्या लायनरची (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्टीची) ड्रमपासूनची गॅप वाढलीय किंवा लाइनमध्ये हवा आहे. गॅप असेल तर पेडल लांब जातं पण शेवटी टणक लागतं, हवा असेल तर पायाखाली लिबलिबीत.

पातळी उतरतेय पण बाहेर थेंब नाही असं कधी झालं, तर मास्टर सिलेंडर मागच्या बाजूने बूस्टरमध्ये (पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्यात) गळत असू शकतो. दोन नट सोडून तो पुढे ओढला की लगेच कळतं. आणि हे सुटेपर्यंत गाडीत माल भरू नका.

प्रतिसाद २:
अंदाज करत बसण्यापेक्षा होज (ब्रेक ऑइलच्या रबरी नळ्या) बंद करून बघा. पुढचे दोन आणि मागच्या अ‍ॅक्सलवर येणारा एक, असे तीन रबरी होज गोल जबड्याच्या होज क्लॅम्पने दाबा. साधी पक्कड लावू नका, होज आतून फाटतो. तिन्ही बंद असताना पेडल वर आणि टणक असेल तर मास्टर सिलेंडर ठीक. मग एकेक सोडा. जो सोडल्यावर पेडल खाली जाईल, बिघाड त्या बाजूला.

प्रश्नकर्ता:
पेडल धरून ठेवलं, हललं नाही. मागचा होज सोडला की खाली जातं, आणि तेही टणकच लागतं.

प्रतिसाद १:
म्हणजे लायनरची गॅप. पुढच्या चाकांना उटी लावा, हँडब्रेक पूर्ण सोडा, मागची बाजू स्टँडवर घ्या. अ‍ॅडजस्टरचं (लायनरची गॅप कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूचं) दातेरी चाक गाडीचं चाक जाम होईपर्यंत फिरवा, मग चाक मोकळं फिरून लायनर जेमतेम घासल्याचा आवाज येईल इतकंच मागे घ्या. दोन्ही बाजू सारख्या हव्यात. हँडब्रेकची केबल यानंतर. केबल ताणून गॅप झाकली तर ऑटो अ‍ॅडजस्टरला काम करायला जागाच राहत नाही, ही चूक फार होते.

ड्रम काढलात तर व्हील सिलेंडरचं (ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर ढकलणाऱ्या छोट्या सिलेंडरचं) रबरी टोपण उचलून बघा. आत ओल दिसली तर सिलेंडर बदला, ऑइलने भिजलेले लायनरही बदला. धुऊन उपयोग नाही. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, त्यापुढे झिजला असेल तर नवे लायनर घालूनही पेडल लांबच राहील. डाव्या-उजव्या अ‍ॅडजस्टरचे आटे उलटे असतात. अदलाबदल झाली तर गॅप कमी व्हायची ती वाढत जाते.

प्रतिसाद ३:
सिलेंडर बदललात तर हवा काढावी लागेल. सुरुवात मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाने. मागे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (मालाच्या वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा) असेल तर हवा काढताना अ‍ॅक्सल लोंबकळत ठेवू नका, खाली स्टँड देऊन गाडीचं वजन त्यावर येऊ द्या. नाहीतर व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते, मागे प्रवाह कमी जातो आणि हवा तिथेच राहते. जुन्या मास्टर सिलेंडरवर पेडल तळापर्यंत मारू नका. एरवी न वापरलेल्या भागातल्या गंजावर कप घासून चांगला सिलेंडरही जातो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.

मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवले असतील तर त्या व्हॉल्व्हचा दांडा पुन्हा सेट करायला हवा. पाटे बदलणारे हे हमखास विसरतात, मग माल भरूनही मागचा ब्रेक अर्धाच लागतो.

प्रतिसाद ४:
ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर सगळंच बदला. डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची श्रेणी) नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १४० च्या आसपास; डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. लांब उतारावर वाफ धरली की पेडल एकदम तळाला जातं आणि थंड झाल्यावर गाडी तपासली तर काहीच सापडत नाही. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका.