मदत हवी आहे: बाळाच्या डिस्चार्ज कार्डावरचे शब्द समजत नाहीत, 'आरओपी' म्हणजे काय?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळच्या एका गावातून लिहितो आहे. बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरायच्या कितीतरी आधी कळा सुरू झाल्या. १०८ला फोन करून मोठ्या दवाखान्यात नेलं, ३१व्या आठवड्यात मुलगी झाली. वजन १४५० ग्रॅम. १९ दिवस एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात) होती, सुरुवातीला ऑक्सिजनवर. आता घरी आहे, दूध नीट ओढते. आज २४वा दिवस.

सुट्टी झाली त्या दिवशी फार गर्दी होती, कार्ड कोणी समजावून दिलं नाही. त्यावर 'प्रायमी', 'प्रीटर्म', 'एलबीडब्ल्यू', 'अपगार ५/८' असं लिहिलं आहे, आणि खाली पेनाने 'आरओपी तपासणी ४ आठवड्यांच्या आत'. चारदा वाचलं, समजून नाही राहिलं. मेडिकलवाला म्हणाला, डोळ्यांचं काही तरी आहे. पण पोरीचे डोळे तर काळेभोर, स्वच्छ आहेत. पाणी नाही, चिपडं नाहीत.

आजी म्हणते, "एवढुसं लेकरू, सव्वा महिना झाल्याबिगर बाहेर काहून काढता?" तिची काळजी मला पटते. सव्वा महिन्याला १६ दिवस राहिले, तेवढं थांबलं तर चालेल का? आणि अपगार ५ म्हणजे बाळ कमजोर आहे का? साध्या शब्दांत सांगा जी.

प्रतिसाद १

दादा, थांबू नका. मी अमरावती जिल्ह्यात नवजात बाळांच्या कक्षात सिस्टर होते.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. त्याच्या रक्तवाहिन्या पोटात १६व्या आठवड्याच्या सुमारास वाढायला लागतात आणि पडद्याच्या कडेपर्यंत पोचायला जवळपास ४० आठवडे लागतात. तुमची भाची ३१व्यातच आली, म्हणजे ही वाढ अर्धवट राहिली. उरलेली वाढ बाहेर नीट झाली तर प्रश्नच नाही. पण काही बाळांत रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या फुटतात आणि पडदा ओढून सोडवतात. तो आजार म्हणजे आरओपी. वरून डोळा अगदी छान दिसतो, म्हणून घरच्यांना कळतच नाही. वेळेत सापडला तर लेझरने किंवा इंजेक्शनने नजर वाचवता येते. पडदा पूर्ण सुटल्यावर फारसं काही हातात राहत नाही. म्हणून ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमखालच्या बाळाची पहिली तपासणी ३० दिवसांच्या आत करतात. तुमच्याकडे ६ दिवस आहेत.

थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि आत बघतात. बाळ रडतं, पण काही मिनिटांचंच काम असतं. तासभर आधी दूध पाजून ठेवा. पहिल्याच वेळी 'ठीक आहे' म्हटलं तरी पुढची तारीख देतात, ती चुकवू नका. रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचेस्तोवर फेऱ्या असतात.

प्रायमी म्हणजे पहिलटकरीण. प्रीटर्म म्हणजे ३७ आठवड्यांआधी जन्मलेलं, एलबीडब्ल्यू म्हणजे अडीच किलोच्या आतलं. अपगार म्हणजे जन्मल्यावर श्वास, ठोके, रंग, हालचाल, प्रतिसाद यांना दिलेले १०पैकी गुण. पहिल्या मिनिटाला ५ होते, पाचव्याला ८ झाले, म्हणजे बाळ सावरलं. त्याचा हुशारीशी संबंध लावू नका.

आणि एक सांगते. भाची हसायला, नजर धरायला उशीर लावेल. तिचं वय ९ आठवडे वजा करून मोजा. शेजारच्या बाळाशी तुलना करून बहिणीला कोणी बोललं तर तुम्ही मध्ये पडा. काजळ घालू नका.

प्रतिसाद २

मी गावात आशा कार्यकर्ती आहे. ही तपासणी प्रत्येक डोळ्यांच्या डॉक्टरकडे होत नाही. जिल्हा रुग्णालयात आरबीएसकेच्या (लहान मुलांच्या तपासणीच्या सरकारी कार्यक्रमाच्या) विभागात विचारा, कुठे आणि कोणत्या वारी होते ते सांगतील. तुमच्या आशाताईंना आजच फोन करा, गाडीचंही त्याच बघतात. बाळाला आईच्या छातीशी धरून, टोपी-मोजे घालून न्या.

मूळ धागाकर्ता

सिस्टर, ताई, खूप आभार. आजीला पडद्याची गोष्ट तुमच्याच शब्दांत वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती, मग टोपडं शोधायला उठली. आशाताईंशी बोललो, परवा सकाळी निघतो. तपासणीच्या वेळी बहिणीला बाळाजवळ थांबू देतात का? ती तेवढंच विचारून राहिली.