चर्चच्या घरदुरुस्तीच्या कामाला मुलाला पाठवावे का?

विषय: एक विचारणा

सप्रेम नमस्कार मंडळी,

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. त्याच्या मित्राच्या मेथडिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) चर्चमधील मुलांचा गट येत्या उन्हाळ्यात आठवडाभर अमेरिकेतल्याच केंटकी राज्याच्या पूर्व भागात घरे दुरुस्त करायला जाणार असून, यानेही सोबत यावे असे त्यांनी अगत्याने कळवले आहे. संस्थेचे नाव ॲपलेशिया सर्व्हिस प्रोजेक्ट. मुलाची जायची फार इच्छा आहे. सासूबाईंना मात्र ‘मिशन’ हा शब्द ऐकल्यापासून काळजी लागली आहे आणि खरे सांगायचे तर थोडी मलाही. तेथे धर्मप्रचार होतो का आणि मुलांना नेमके काय काम देतात, हे कोणी स्वतः जाऊन आले असल्यास कृपया कळवावे. वाद नको, केवळ अनुभव हवा आहे.

आपली,
मंडळाची एक सभासद

विषय: उत्तर: एक विचारणा

ताई, सप्रेम नमस्कार.

मागच्या उन्हाळ्यात मी मुलीबरोबर याच संस्थेच्या कामावर एक आठवडा होतो, म्हणून जे पाहिले तेवढेच लिहितो.

संस्था ख्रिस्ती आहे आणि ते कोणी लपवत नाही. ग्लेन ‘टेक्स’ इव्हान्स या मेथडिस्ट धर्मोपदेशकांनी १९६९ साली ५० स्वयंसेवक केंटकीतील बार्बरव्हिलला नेऊन चार घरे दुरुस्त केली, तेथून हे काम सुरू झाले. सायंकाळी सभा होते, गाणी होतात, जेवणापूर्वी प्रार्थना असते. मात्र ज्यांच्या घरी आम्ही काम केले ते कोणत्या चर्चला जातात, किंवा जातात तरी का, अशी चौकशी कोणी केल्याचे माझ्या कानावर आले नाही, आणि आम्हा बापलेकींनाही कोणी आग्रह केला नाही. आम्ही हिंदू आहोत, सभेला आदराने बसू, पण प्रार्थना म्हणणार नाही, असे मी निघण्यापूर्वीच गटप्रमुखांना कळवले होते. तुम्हीही ते आधीच लिहून कळवावे. तेथे गेल्यावर पाच जणांत मुलाला स्वतः सांगत बसावे लागू नये.

कामाचे म्हणाल तर एका घराला साधारण पाच मुले आणि दोन मोठी माणसे असतात, आणि मुक्काम एखाद्या शाळेत जमिनीवर गाद्या टाकून असतो. घर अधिक उबदार, सुरक्षित आणि कोरडे व्हावे, एवढेच संस्थेचे सूत्र आहे. आमच्या वाट्याला एका वृद्ध जोडप्याचे ट्रेलर-घर, म्हणजे कारखान्यात तयार करून जागेवर आणून ठेवलेले घर, आले होते. आजोबांचा जन्म कोळशाच्या खाणीत गेला. धुळीने फुप्फुसे निकामी होत आल्यामुळे नाकाला ऑक्सिजनची नळी असे. न्हाणीघरासमोरची जमीन पाय ठेवताच दबत होती, म्हणून त्यांनी तेथे प्लायवूडचा तुकडा टाकून वर पायपुसणे अंथरले होते. तो तुकडा उचलला, तर खालच्या आडव्या लाकडाचा भुगा हातात आला. वर्षानुवर्षे एक सांधा ठिबकत होता. आधी तो बंद केला आणि मगच नवे लाकूड घातले.

आजोबांना पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून रॅम्प करायचा होता. एक इंच चढाला बारा इंच लांबी धरतात. उंबरा जमिनीपासून २८ इंच वर, म्हणजे २८ फुटांचा उतार आणि शिवाय मध्ये वळणाची सपाट जागा. त्यातल्या एका खांबाचे माप मी चुकवले आणि बुधवारची दुपार खड्डा पुन्हा खणण्यात गेली. शुक्रवारी निघताना कठडा राहिला होता. तो पुढच्या आठवड्याच्या गटाने बसवला. काम अर्धे टाकून निघणे मुलीला फार लागले. मुलाला याची कल्पना आधीच देऊन ठेवा.

आणखी एक गोष्ट मला या सगळ्याहून महत्त्वाची वाटते. पहिल्या दिवशी आमच्यातल्या एका मुलाने त्या कुजलेल्या जागेचा फोटो काढला, तेव्हा आजीबाई लगबगीने पुढे आल्या आणि पायाने पायपुसणे सरकवून जागा झाकू लागल्या. आमच्या आजोळी पाहुणे यायचे असले की आजी पोपडे आलेल्या भिंतीपुढे ट्रंक सरकवून ठेवी. मला तीच दिसली. त्यानंतर सर्वांचे फोन गाडीत राहिले. आपण कोणाच्या तरी घरी जातो आहोत, हे मुलाला सांगून पाठवा. गुरुवारी आजीबाईंनी घेवड्याची उसळ म्हणावी तसे काहीसे आणि मक्याचा पाव केला. डबे बरोबर असूनही आम्ही ते पोटभर जेवलो. तुमच्या घरी जेवताना काय म्हणतात, असे आजोबांनी विचारल्यावर मुलीने श्लोक म्हटला आणि तो पुरा होईपर्यंत त्यांनी टोपी हातात धरली होती.

आपला,
एक सभासद

विषय: उत्तर: उत्तर: एक विचारणा

नमस्कार. मला धर्माची चिंता वाटत नाही. २००६ साली लोणावळ्याजवळच्या पाटण गावात हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या घरे बांधणाऱ्या संस्थेने अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्यासमवेत १०० घरांचे काम केले, त्या संस्थेचे मूळही ख्रिस्ती श्रद्धेतच आहे, आणि घरे मात्र आपल्या माणसांना मिळाली. माझी शंका वेगळी आहे: मुलांच्या प्रवासावर जो पैसा जातो, त्यात तेथलाच एखादा सुतार महिनाभर कामाला लावता येणार नाही का?

एक ज्येष्ठ सभासद

विषय: उत्तर: उत्तर: एक विचारणा

काका, तुमची शंका रास्त आहे आणि मलाही ती पडली होती. मात्र स्वयंसेवक जी रक्कम भरतात, तिच्यातून लाकूड-सामानाचाही खर्च निघतो, आणि मुले गेली नसती तर तेवढेच पैसे त्या आजोबांसाठी आम्ही पाठवले असते, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. माझ्या मुलीने नंतर मिळवलेल्या पैशांतले काही तिकडे पाठवले; त्या घराशी ओळख झाली नसती तर तिने ते पाठवले नसते.

विषय: उत्तर: उत्तर: एक विचारणा

मनःपूर्वक आभार. आपले पत्र सासूबाईंना वाचून दाखवले. पायपुसण्याचा प्रसंग त्यांनी पुन्हा वाचायला लावला आणि नातवाला बोलावून फोनविषयी स्वतःच बजावले. गटप्रमुखांना आज रात्री लिहिते. धनुर्वाताचे इंजेक्शन शनिवारी घेणार आहोत. बूट लोखंडी टोकाचेच लागतात की साधे जाड चामड्याचे चालतात, एवढे कृपया कळवावे.