रिगवर भावाची दोन बोटं गेली, ठेकेदार सही मागतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, कायद्यातलं ओ की ठो कळत नाही म्हणून इथे विचारतोय, लांबलं तर सांभाळून घ्या. धाकटा भाऊ, वय ३०, ऑफशोअर रिगवर (समुद्रात तेलविहीर खोदणारा सांगाडा) फ्लोअरमन, म्हणजे पाईप जोडणारा कामगार. नोकरी ठेकेदाराकडे, रिग दुसऱ्याची आणि तेल तिसऱ्याच कंपनीचं. ऑगस्ट २०२५ मध्ये रात्रपाळीत पाईप जोडताना टाँगमध्ये (पाईप पकडून फिरवणारी अवजड पकड) उजवा हात सापडला, हेलिकॉप्टरने आणलं पण दोन बोटं गेलीच. पहिलं हॉस्पिटलचं बिल ठेकेदाराने भरलं, नंतरचं ड्रेसिंग, फिजिओ सगळं आमच्या खिशातून, आणि ऑक्टोबरपासून पगारही बंद.

आता म्हणतो दीड लाख घ्या आणि पाचशेच्या स्टॅम्पवर सही करा, की चूक माझीच, ग्लोव्हज मीच काढले होते, यापुढे काही मागणार नाही. ग्लोव्हज होते हो, फाटके होते एवढंच.

आई म्हणते भांडू नका, परत कुणी कामावर घेणार नाही. पण त्याला साधा नट फिरवता येत नाही, घेऊन करणार काय? पगार २४ हजार, ईएसआय (सरकारी कामगार विमा) नाही. दावा नक्की कुणावर करायचा? आणि दीड लाख बरोबर आहेत का?

प्रतिसाद १:
सही अजिबात करू नका!! १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात हक्क सोडल्याचा करार चालतच नाही (कलम १७), पण ग्लोव्हजचं ते वाक्य उगाच घातलेलं नाही. साधा निष्काळजीपणा झाला तरी भरपाई मिळते, पण कामगाराने सेफ्टीचं साधन मुद्दाम काढलं असं ठरलं तर अशा अर्धवट अपंगत्वात मालक सुटू शकतो. म्हणून ते तुमच्याच हाताने लिहून घेतायत.

हिशोब असा. पगार २४ हजार असला तरी १५ हजारच धरतात, त्याचे ६० टक्के ९,०००, कायद्यातल्या वयाच्या तक्त्यात तिशीचा गुणक २०७.९८, म्हणजे १८,७१,८२०. एका हाताची दोन बोटं म्हणजे २० टक्के, झाले ३,७४,३६४. उपचाराचा खर्च वेगळा, आणि महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज.

प्रतिसाद २:
वरच्यांशी सहमत. ठेकेदाराने ज्यांच्यासाठी काम घेतलं त्या कंपनीलाही दाव्यात पार्टी करा, कलम १२. अर्ज तुम्ही राहता तिथल्या कामगार न्यायालयात चालतो, मुंबईला खेपा नकोत. मुदत अपघातापासून २ वर्षं. नवीन कोड (सामाजिक सुरक्षा संहिता) २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला, तुमचा अपघात त्याआधीचा, त्यामुळे जुनाच कायदा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कामगारांना तिथे मोफत मिळतो. आणि फाटक्या ग्लोव्हजचा काही पुरावा आहे का?

धागाकर्ता:
खूप आभार दोघांचे, सही थांबवली. पुरावा म्हणाल तर त्याच्या रूम पार्टनरच्या मोबाईलमध्ये त्या रात्रीचे फोटो आहेत, पण तो अजून त्याच ठेकेदाराकडे आहे, त्याच्याकडे कुठल्या तोंडाने मागू?