ट्रस रॉडचा नट आतून गोल झालाय, ॲलन की नुसतीच फिरते

सातारा_बास:
नमस्कार मंडळी. सेकंडहँड बास (गिटार) घेतलाय, चार तारांचा, ३४ इंच स्केल (वाजणाऱ्या तारेची लांबी), बोल्ट-ऑन नेक (म्हणजे मान स्क्रूने जोडलेली). आवाज दणदणीत आहे, हातातही मस्त बसतो, पण नेक पुढे वाकलाय आणि बाराव्या फ्रेटपाशी (नेकवरची धातूची आडवी पट्टी) तारा एवढ्या वर आहेत की थोडं वाजवलं तरी बोटं भरून येतात. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला, शेवटचा फ्रेट दाबला आणि आठव्या फ्रेटपाशी बाईकच्या टॅपेटचं फिलर गेज घालून बघितलं तर ०.८० एमएमची पाती आरामात जाते. मग ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा वाक कमीजास्त करणारी सळई) टाईट करायला गेलो तर ५ एमएमची ॲलन की (षटकोनी) आत बसते पण पकडतच नाही, जरा जोर लावला की कट्ट करून पुढे सरकते. आधीचा मालक म्हणाला की तो इंचाच्या सेटमधली ३/१६ ची की वापरायचा. नट हेडस्टॉकच्या (खुंट्या असतात त्या टोकाच्या) बाजूला आहे. इथे गिटार रिपेअर करणारं कोणी नाही आणि पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे. घरी जमेल का काही?

रिफ_राजा:
सोप्पंय भावा. ॲलन कीला अरल्डाइट लाव, आत घाल, रात्रभर ठेव, सकाळी फिरव. की तिथेच राहील पण काम होईल.

लाकूड_आणि_तारा:
अरल्डाइट आत्ता अजिबात नको, प्लीज. ते पातळ असताना नटाच्या मागे आट्यांपर्यंत गेलं की नट कायमचा जाम, आणि मग पुढचे सगळे रस्ते बंद होतात. तो अगदी शेवटचा उपाय आहे.

३/१६ म्हणजे ४.७६ एमएम, आणि तुझा नट ५ चा. तेवढ्या फटीत की हलते आणि दर वेळी कोपरे थोडे थोडे खाते, माझ्याकडे येणाऱ्या अशा बऱ्याच केसेसमध्ये हेच झालेलं असतं. अमेरिकन गिटारवर उलटं होतं, तिथे १/८ च्या नटात लोक ३ ची की घालतात.

पण त्याच्याही आधी एक सांगते, कारण हे फार कमी लोक करतात. नेक वाकलेला ठेवून तारांच्या अख्ख्या ताणाविरुद्ध नट फिरवायचा नाही. चार तारांचा मिळून ७०-८० किलोच्या आसपास ताण असतो, तो सगळा त्या एवढ्याशा नटावर येतो आणि मग चांगली की पण सरकते. आधी तारा पूर्ण ढिल्या कर, काढल्यास तर उत्तमच. मग एक सरळ जाड पट्टी घे, सागाची किंवा ॲल्युमिनियमचा चौकोनी पाईप चालेल, ती फिंगरबोर्डवर (नेकची फ्रेट बसवलेली पुढची फळी) ठेव, पण पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटपाशी खाली लाकडाचे छोटे ठोकळे आणि त्याखाली पुठ्ठा. आता मधोमध, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी सी-क्लॅम्प लाव, नेकच्या मागच्या बाजूला चामड्याचा तुकडा नाहीतर जाड कापड, आणि हळूहळू आवळ, नेक सरळ होऊन केसभर मागे गेला की थांब. रॉडने जे काम करायचं असतं ते क्लॅम्पने केलं, त्यामुळे नट जवळजवळ मोकळा होतो आणि अर्धा झिजलेला असला तरी बऱ्याचदा फिरतो.

आता मला दोन गोष्टी सांग. टॉर्चमध्ये नटाच्या मागे वॉशर दिसतो का? आणि नट रॉडपासून वेगळा आहे की वेल्ड केल्यासारखा वाटतो?

सातारा_बास:
धन्यवाद ताई, एवढं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं. वॉशर नाहीये. सॉकेटच्या तोंडाशी पितळेसारखं काही दिसत नाही, काळपट स्टील आहे, आणि मागे डाग दिल्यासारखा उंचवटा दिसतो. कोपरे बाहेरच्या बाजूला पूर्ण गेलेत पण आत खोलवर थोडे शिल्लक आहेत असं वाटतंय, तिथे बारीक चुरा पण साठलाय.

लाकूड_आणि_तारा:
मग तो टू-वे रॉड (नेकला पुढे आणि मागे दोन्हीकडे वाकवणारा) आहे आणि नट वेल्ड केलेला. म्हणजे नट काढून नवीन लावायचा पर्याय तुझ्यासाठी नाही, हे आधीच मनाशी पक्कं कर. जुन्या पद्धतीच्या सिंगल रॉडला, गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यूला १९२३ साली पेटंट मिळालं तसल्या, टोकाला सुटा नट असतो, तो उघडून बदलता येतो. तुझ्यात तसं करायचं म्हटलं तर फिंगरबोर्ड काढावा लागेल आणि या किमतीच्या बासवर ते परवडत नाही, त्यापेक्षा दुसरा नेक घेऊन चार स्क्रूवर बसवलेला स्वस्त पडतो.

म्हणून सॉकेट वाचवायचं. चुरा आधी काढ, टूथपिकने खरवड आणि बास उलटा धरून झटक. कित्येकदा की चुऱ्यामुळे पूर्ण आत जात नाही आणि फक्त तोंडाशीच पकडते. शिवाय ॲलन कीचं टोक वापरून गोल झालेलं असेल तर कानशीने दोन-तीन एमएम सपाट उडव म्हणजे कडा धारदार होतील, आणि आतले जे कोपरे शिल्लक आहेत तिथपर्यंत पोचेल.

नाशिक_लेथ:
ताईंचं बरोबर आहे. त्यात माझी भर. की बदलूनही सरकली तर टॉर्क्स वापर, आपल्याकडे स्टार की म्हणतात ती. ५ एमएम हेक्सच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण ५.७७ भरतं आणि टी-३० ची टोकं ५.६ च्या आसपास, त्यामुळे घासलेल्या सॉकेटमध्ये ती ठोकून बसते आणि सहा जागी चावते. टी-२७ ढिली पडेल. ४ एमएमचा नट असेल तर टी-२५ बघावी, हे बाकीच्यांसाठी सांगतोय.

एक काळजी घे. स्क्रू ड्रायव्हर मशीनचे छोटे बिट आणू नको, बिट होल्डरचं तोंड जाड असतं, हेडस्टॉकच्या खाचेत ते वाकडं बसतं. एल आकाराची लांब दांड्याची चांगल्या स्टीलची स्टार की घे. सातारला हार्डवेअरवाल्याकडे किंवा गाड्यांच्या स्पेअर्सवाल्याकडे मिळेल, मुंबईचं कोणी वाचत असेल तर नागदेवी स्ट्रीटला सगळं मिळतं. मिलिमीटरचा आणि इंचाचा सेट घरात वेगळा ठेवायचा, डबा एकच असला की घोळ होतोच.

ठोकताना नेकच्या मागे वाळूची पिशवी ठेव, की नटाच्या अगदी सरळ रेषेत धर आणि छोट्या हातोडीने हलक्या टिचक्या मार. सुरुवातीला टक टक असा पोकळ आवाज येतो, की बसली की आवाज घट्ट आणि बारीक होतो, तिथे थांब. पुढे मारशील तर सॉकेटची भिंत फाटेल.

सातारा_बास:
झालं!! चुरा काढून ५ ची की लावली तर थोडी पकडली आणि परत सरकली. मग टी-३० आणली, तुम्ही म्हणालात तसा आवाज बदलला. क्लॅम्प लावूनच फिरवलं, आधी जरासं डावीकडे, कर्र असा आवाज आला, मग उजवीकडे पाव फेरा. क्लॅम्प काढून तारा सुरात लावल्या, गेज ०.४५ दाखवतंय. अजून पाव फेरा देऊ का लगेच?

लाकूड_आणि_तारा:
वा, फार बरं वाटलं वाचून. लगेच देऊ नको. लाकूड बसायला वेळ घेतं, रात्रभर सुरात ठेव, उद्या परत मोज. ०.३० ते ०.३५ आलं की बासला पुरेसं आहे. लागलंच तर परत तारा ढिल्या, परत क्लॅम्प, आणि या वेळी आठवा भाग फेराच. स्टार की आता त्या नटाची कायमची की समज, तिच्यावर टेप गुंडाळून केसमध्येच ठेव, दुसरी कुठलीही की आत घालू नको. आणि उंची अजूनही जास्त वाटली तर ती ब्रिजच्या सॅडलवरून (बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथून) कमी कर, रॉडवरून नाही.

नाशिक_लेथ:
आणि सध्या ४५-१०५ चा तारांचा सेट (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) असेल तर पुढच्या वेळी ४०-९५ घेऊन बघ. ताण कमी होतो, म्हणजे रॉडला कमी ओढावं लागतं आणि नटाला हात लावायची वेळ कमी येते. तारा बदलल्यावर मात्र रिलीफ (गेजने मोजलास तो नेकचा वाक) परत मोज, नेक थोडा मागे जाईल तेव्हा नट किंचित डावीकडे सोडावा लागेल.