ऑक्सफर्डच्या विज्ञान-इतिहास संग्रहालयात नेमकं काय बघावं?

अस्मिता_क
पुढच्या महिन्यात ऑक्सफर्डला जाणं होतंय, सोबत दहावीतला भाचा आहे. ब्रॉड स्ट्रीटवरचं विज्ञान-इतिहासाचं संग्रहालय त्याला दाखवायचंय, पण फोटोंत बघावं तिकडे पितळी यंत्रंच दिसतात. आइन्स्टाइनने व्याख्यानात लिहिलेला फळा सोडला तर थांबून बघावं असं काय आहे? आणि फळा तरी प्रत्यक्ष कशाला बघायचा? फोटोत दिसतोच की.

सूक्ष्मजीवी
अस्मिताताई, फळ्याचं इतर सांगतील. तुम्ही पेनिसिलिनचं भांडं शोधा. चिनीमातीचं, आयताकृती, चपटं, बाजूला आखूड तोटी. नक्षी नाही, काही नाही. लोक त्याच्यासमोरून सरळ निघून जातात आणि मला फार वाईट वाटतं.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. फ्लेमिंगला १९२८ मध्ये पेनिसिलिनची बुरशी दिसली हे मुलांना पाठ असतं, गोष्ट तिथेच संपते. पण बुरशी दिसणं वेगळं आणि तिच्यातून माणसाला टोचता येईल असं औषध काढणं वेगळं. ते ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि नॉर्मन हीटली या शास्त्रज्ञांनी केलं, तेही ऐन युद्धात. ही बुरशी द्रवाच्या पृष्ठभागावर सायीसारखी धरते. तिला हवा लागते, म्हणून भांडं उथळ आणि पसरट हवं. हीटलीने बिस्किटांचे डबे वापरून पाहिले, रुग्णालयातली बेडपॅनसुद्धा. बेडपॅन चांगली चालली! मग त्याच धर्तीवर, एकावर एक रचता येतील अशी भांडी त्याने स्वतः आखली आणि १९४० च्या अखेरीस इंग्लंडमधल्याच बर्स्लेम गावच्या चिनीमातीच्या कारखान्यातून करवून घेतली. तोटी नीट बघा. तिच्यातून खालचा, पेनिसिलिन उतरलेला द्रव काढून घ्यायचा, साय तशीच ठेवायची आणि नवा द्रव भरायचा.

इतकं करूनही हाती यायचं चिमूटभर. १२ फेब्रुवारी १९४१ पासून अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला हे औषध देऊ लागले. संसर्ग ओसरू लागला, तो जेवायला लागला. साठा संपत आला तेव्हा त्याच्याच लघवीतून पेनिसिलिन परत काढून पुन्हा टोचलं. तरी पुरलं नाही. १५ मार्चला तो गेला. औषध लागू पडत होतं, फक्त कमी पडलं. भाच्याला हे त्या भांड्यासमोर उभं करूनच सांगा, एवढी माझी विनंती.

चांदणवेडा
+१. आता फळा. १६ मे १९३१ च्या व्याख्यानातला आहे. विश्व प्रसरण पावतंय हे आइन्स्टाइनने नुकतंच मान्य केलं होतं, त्यामुळे फळ्यावर विश्वाची घनता, त्रिज्या आणि वय यांचे आकडे आहेत. शेवटच्या ओळीत वय दिसेल : १० चा दहावा घात, म्हणजे सुमारे हजार कोटी वर्षं. आज आपण १३८० कोटी मानतो. फोटोत समीकरणं वाचता येतात हे खरं, पण खडू कुठे दाबून ओढलाय आणि कुठे घाईत, हे समोर गेल्यावरच कळतं. दहावीच्या मुलाला घातांक येतात, त्याला ती ओळ स्वतः वाचू द्या.

अस्मिता_क
सूक्ष्मजीवी, बेडपॅनचं ऐकून भाचा आत्ताच तयार झालाय. :) पण पितळी यंत्रांचं काय? सगळी टाळायची?

चांदणवेडा
अजिबात नाही! निदान दोन बघाच. एक म्हणजे इस्फहानच्या मुहम्मद बिन अबी बक्रने १२२१-२२ मध्ये केलेलं ॲस्ट्रोलेब, म्हणजे ताऱ्यांच्या जागा आणि वेळ काढायचं जुनं यंत्र. त्याच्या आत दातेरी चाकं आहेत आणि मागच्या बाजूला खिडकीत चंद्राची कला दिसते. अखंड टिकलेली इतकी जुनी दातेरी यंत्रणा दुसरी माहीत नाही. दुसरं १४८० च्या सुमाराचं गोल ॲस्ट्रोलेब, म्हणजे सपाट तबकडीऐवजी चेंडूच. त्या जातीचा पूर्ण नमुना जगात हा एकच ज्ञात आहे.

सूक्ष्मजीवी
आणि तळघर चुकवू नका. इमारत १६८३ ची, अ‍ॅशमोलियन संग्रहालयासाठी बांधलेली, आणि तळघरात तेव्हा रसायनशाळा होती. प्रवेश मोफत आहे. सुट्टीचे वार तेवढे आधी बघून घ्या.