बार हार्बरमध्ये क्रूझचे दिवसाला फक्त हजार प्रवासी, बरोबर की चूक?

पानगळ_बोस्टन:
दर ऑक्टोबरला आम्ही तीन-चार कुटुंबं गाड्या काढून अमेरिकेच्या मेन राज्यातल्या बार हार्बरला जातो, पानांचे रंग बघायला. बेटावरचं गाव, वस्ती जेमतेम पाच हजार. क्रूझवाल्यांचा सीझनही नेमका तोच. आधी या दिवसांत रोज साडेपाच हजार प्रवाशांपर्यंत परवानगी होती, म्हणजे गावात माणसं जेवढी त्याहून पाहुणे जास्त आणि तेही सकाळी येऊन संध्याकाळी परत. २०२२ च्या नोव्हेंबरात गावकऱ्यांनीच मतदान करून दिवसाला हजारची मर्यादा घातली, ५८ टक्के मतं बाजूने पडली. त्याहून जास्त उतरवले तर जादा माणशी १०० डॉलर दंड. मला हे पूर्ण पटतं. मोठ्या बोटी बाहेर नांगर टाकून उभ्या राहतात आणि छोट्या टेंडर बोटी फेऱ्या मारून माणसं आणतात. एका वर्षी सासूबाईंना बाथरूमला जायचं होतं, त्यांचे गुडघे दुखतात, तर धक्क्याजवळ ही मोठी रांग, सगळ्यांच्या गळ्यात बोटीची कार्डं, फुटपाथवर पाय ठेवायला जागा नाही. आम्ही तर दोन दिवसांनी निघून आलो हो, पण जे तिथेच राहतात त्यांनी रोज हे का सोसायचं?

मालवणचो_झील:
ताई, आईंचे हाल झाले ते वाईटच. पण मी २०१८ ला कॉलेजात असताना जे-वन व्हिसावर (परदेशी विद्यार्थ्यांना काही महिने काम करू देणारा) तिथल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये पूर्ण सीझन काढलाय म्हणून सांगतो. शेजारच्या अकेडिया नॅशनल पार्कला वर्षाला चाळीस लाखांच्या आसपास भेटी होतात, क्रूझचे मर्यादेच्या आधीही सगळे मिळून अडीच लाखांच्या घरात. मग गर्दी कोणाची? गाड्यांची! बोटीचा माणूस पार्किंग मागत नाही, खोली अडवत नाही, जेवतो, जॅमची बाटली घेतो नि जातो. शाळा सुरू झाल्या की फॅमिली कमी होतात, मग बोट असलेल्या दिवशी आमच्याकडे दुपारी लॉबस्टर रोलसाठी पाव भाजताना मान वर करायला मिळायची नाही, आणि बोट नसली की मॅनेजर दोघातिघांना लवकर घरी पाठवायचा, पगार तासावर, म्हणजे तेवढे पैसे गेलेच. आमचं घरचं हॉटेलपण पावसात बंद असतं त्यामुळे चार महिन्यांत वर्षाचं कमवायचं म्हणजे काय ते मला माहितीय.

पानगळ_बोस्टन:
पगाराचं मान्य. पण गाड्यांना मोकळं रान आहे असं नाही, पार्कातल्या कॅडिलॅक डोंगरावर गाडी न्यायला २०२१ पासून सीझनमध्ये आधी बुकिंग लागतं, सूर्योदयाचं मिळवायला आम्ही किती झगडतो! पार्क मर्यादा घालू शकतं तर गावाने का नाही घालायची?

डेकवाला_रत्नागिरी:
मी बोटीवर हाउसकीपिंगला आहे, या रूटवर दोन कॉन्ट्रॅक्ट केली. आमच्याबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून लिहितोय. मूळ नियमात बोटीवरून उतरणारा प्रत्येक माणूस मोजायचे, म्हणजे खलाशीसुद्धा. २०२४ मध्ये फेडरल कोर्टाने मर्यादा बहुतेक सगळी कायम ठेवली पण खलाशांचा किनाऱ्यावर उतरायचा हक्क अडवता येणार नाही असं सांगितलं. हे फार मोठं आहे भावांनो. सात-आठ महिने खिडकी नसलेल्या केबिनमध्ये राहून बघा. मला एकदा तिथे दोन तास मिळाले होते, ओहोटी होती, समोरच्या बार आयलंडपर्यंत समुद्रातून गोट्यांची वाट उघडी पडते तिच्यावरून चालत गेलो, शेवाळाचा वास अगदी आमच्या मिऱ्याच्या किनाऱ्यासारखा, आईला व्हिडिओ कॉल लावला आणि बोलताच येईना. आता खलाशी मोजले नाहीत तरी तीन हजारांची बोट हजार जणांसाठी नांगर टाकत नाही, ती पुढच्या बंदराला जाते, मग तो हक्क काय कामाचा?

मालवणचो_झील:
हेच म्हणतोय मी! मर्यादा हवीच, पण हजार म्हणजे बंदीच झाली. २०२४ मध्ये दिवसाला ३,२०० चा तोडगा समोर होता, तो घ्यायला हवा होता.

पानगळ_बोस्टन:
डेकवाला दादा, तुमचं वाचून गलबलून आलं, हा विचार मी केलाच नव्हता. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात हजारची मर्यादा उठवायची का यावर परत मतदान झालं आणि गावाने नाहीच म्हटलं. दोनदा विचारून झालं, आता अजून किती वेळा विचारायचं?

मालवणचो_झील:
अगदी थोडक्या मतांनी नाही म्हटलं, ते पण लिहा ना. अर्धं गाव दुसऱ्या बाजूला आहे, त्यात माझ्याबरोबर भांडी घासणारी पोरंपण आहेत. तुम्ही ऑक्टोबरला जाल तेव्हा दुकानात विचारा त्यांना.

पानगळ_बोस्टन:
विचारीन. आणि धक्क्यासमोर राहणाऱ्यांनाही विचारीन.